खोकल्यापासून तपासणीपर्यंत: लोकांशी टीबीविषयी बोलायचं कसं

टीबीविषयी मी घेतलेल्या पहिल्याच सभेत सगळ्या प्रश्नांची उत्तरं बरोबर आली होती. कशामुळे होतो? जंतूमुळे. कसा पसरतो? खोकल्यातून. बरा होतो का? होतो. टाळ्या झाल्या आणि मी समाधानाने घरी आले. त्या दिवशी मागच्या रांगेत एक गृहस्थ तासभर तोंडावर रुमाल धरून खोकत बसले होते. ते तपासणीला गेले तीन महिन्यांनी, खोकताना रक्त पडल्यावर. बरे झाल्यावर त्यांना विचारलं तेव्हा म्हणाले, "तुम्ही सांगितलं ते मला आधीच माहीत होतं. आपल्याला टीबीच असणार असंही वाटत होतं. पण त्या रांगेत उभं राहिलेलं कुणी पाहिलं असतं तर?"

तेव्हापासून सभा कशी झाली हे ठरवायची माझी कसोटी बदलली. किती जणांना उत्तरं आली हे मी आता मोजत नाही. माणसाला खोकला सुरू होतो तो दिवस आणि त्याची तपासणी होते तो दिवस, यांच्यातलं अंतर कमी झालं का, एवढंच पाहते. या अंतरात तो माणूस खंगत जातो आणि घरातल्यांना लागण होत राहते. आरोग्यसेवक, शिक्षक, संस्थांचे कार्यकर्ते, टीबीतून बरे झालेले लोक, ज्यांना कुणाला आपल्या भागात या विषयावर बोलायचं आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून पहिल्या पायरीपासून सांगते.

पहिली पायरी: स्वतः पक्कं करून घ्या

सभेत येणारा पहिला अवघड प्रश्न बहुधा "मग तो पसरतो तरी कसा?" हाच असतो. इथे आपण चाचपडलो तर पुढचं सगळं हवेत जातं.

फुप्फुसाचा टीबी झालेला माणूस खोकतो, शिंकतो, मोठ्याने बोलतो किंवा गातो तेव्हा जंतू असलेले अतिसूक्ष्म कण हवेत येतात. ते इतके हलके असतात की बंद खोलीत काही तास तरंगत राहू शकतात. कुणी ते श्वासातून आत घेतले की लागण होऊ शकते. एवढाच मार्ग लक्षात ठेवा: फुप्फुसातून हवेत, हवेतून फुप्फुसात. ताट-वाटी, कपडे, अंथरूण, हस्तांदोलन, संडास यांतून टीबी पसरत नाही. आईला टीबी असला तरी तिच्या दुधातून तो बाळाला होत नाही. औषध घेत असताना ती अंगावर पाजू शकते.

दुसरी गोष्ट, लागण आणि रोग यांतला फरक. जगातल्या साधारण एक चतुर्थांश लोकांना कधी ना कधी या जंतूची लागण झालेली आहे. त्यांतल्या ५ ते १० टक्के लोकांनाच पुढे आयुष्यात रोग होतो. बाकीच्यांच्या शरीराची ताकद जंतूला दाबून ठेवते. त्यांना त्रास नसतो आणि त्यांच्यापासून इतरांना लागणही होत नाही. बी पडलं म्हणजे उगवतंच असं नाही, हे शेतीशी संबंध नसलेल्या माणसालाही चटकन पटतं. बी उगवायला जमीन तशी लागते. कुपोषण, एचआयव्ही, मधुमेह, तंबाखूचा धूर आणि अति मद्यपान या गोष्टी ती जमीन तयार करतात. मधुमेह असलेल्यांना टीबी होण्याचा धोका इतरांच्या दुप्पट-तिप्पट असतो. मधुमेहाच्या तपासणीला आलेल्या माणसाला खोकल्याविषयी आवर्जून विचारायचं ते यासाठीच.

तिसरी, टीबी केस आणि नखं सोडून शरीरात जवळजवळ कुठेही होऊ शकतो: मानेतल्या गाठी, मणका, मेंदूचं आवरण, पोट, गर्भाशय. यांपैकी फुप्फुसाबाहेरचा टीबी सहसा दुसऱ्याला लागत नाही. मानेला गाठ आलेल्या मुलीला वेगळं जेवायला बसवणं कसं निरर्थक आहे हे एवढ्या एका वाक्याने सांगता येतं.

आणि "आनुवंशिक" या शब्दाशी एकदाचा हिशेब करून टाका. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये टीबीचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. जागतिक क्षयरोग दिन २४ मार्चला असतो तो त्यामुळे. त्याआधी हा रोग कुळातून येतो असं मानणारे पुष्कळ होते. जंतू सापडून १४० वर्षं उलटली तरी "त्यांच्या घराण्यातच आहे तो" हे वाक्य अजून कानावर येतं. एका घरात दोघांना टीबी होतो तो एका खोलीतल्या हवेमुळे, रक्ताच्या नात्यामुळे नव्हे. हे वाक्य मी प्रत्येक सभेत दोनदा म्हणते.

दुसरी पायरी: तपासणीच्या ठिकाणी स्वतः जाऊन या

ही पायरी लोक गाळतात आणि तिथेच फसतात. तुमच्या बोलण्याने हलून एखादी बाई दुसऱ्या दिवशी तपासणीला गेली आणि "आज बेडक्याच्या नमुन्याची डबी नाही, परवा या" असं ऐकून परतली, तर ती पुन्हा जाणार नाही, आणि चार जणींना जाऊही देणार नाही. म्हणून सभेची तारीख ठरवण्याआधी तिथे जा. कोणत्या दिवशी, किती वाजता नमुना घेतात? डबी कुठे मिळते? निकाल किती दिवसांनी, आणि कोण सांगतं? निकाल सगळ्यांसमोर नाव पुकारून देतात की बाजूला बोलावून? एक्स-रेची सोय आहे का? औषध तिथेच मिळतं का? तिथल्या कर्मचाऱ्यांना सांगून ठेवा की अमुक दिवसानंतर थोडी गर्दी वाढेल.

चाचणी कोणती होते तेही विचारा. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एका मिलिलिटर बेडक्यात त्यांची संख्या काही हजारांत असावी लागते. कमी जंतू असलेला माणूस त्यातून सुटू शकतो. जंतूचा जनुकीय अंश ओळखणाऱ्या चाचणीला जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये मान्यता दिली. ती फार कमी जंतू असले तरी पकडते, यंत्रावर लावल्यापासून साधारण दोन तासांत उत्तर देते आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देतो की नाही तेही सांगते. "एकदा तपासलं, काही निघालं नाही, पण खोकला थांबत नाही" असं म्हणणाऱ्या माणसाला पुन्हा पाठवायचं ते हे माहीत असल्यामुळे.

तिसरी पायरी: सांगण्याआधी ऐका

आठवडाभर आधी पंधरा-वीस जणांशी एकेकट्याने बोला. छापील प्रश्नावली नसली तरी चालेल, पण प्रश्न हो-नाहीचे नकोत. "टीबी खोकल्यातून पसरतो का?" असं विचारलं की लोक तुमच्या चेहऱ्याकडे पाहून "हो" म्हणतात. त्याऐवजी "टीबी कशाने होतो असं इकडे लोक म्हणतात?" असं विचारा. "लोक" म्हटल्यावर माणूस मोकळेपणाने स्वतःचंच मत सांगतो. मी सहसा हे प्रश्न विचारते:

खोकला किती दिवस राहिला की काळजी करावी, असं तुम्हाला वाटतं? तो लांबला तर आधी कुठे जाल, त्यानंतर कुठे? शेजारी कुणाला टीबी झाला तर लोक काय करतात? घरातल्या सुनेला झाला तर? आणि मुलाला झाला तर? टीबी झाल्याचं कुणाला सांगाल, कुणाला मुळीच नाही?

सुनेचा आणि मुलाचा प्रश्न वेगवेगळा विचारणं महत्त्वाचं. दोन्हींची उत्तरं बहुतेक वेळा सारखी नसतात आणि तपासणी कुठे अडते ते तिथेच दिसतं. एखाद्या भागात माहितीची वाण असते, एखाद्या भागात माहिती भरपूर असते पण लग्न मोडायची भीती असते, आणखी कुठे रोजचं काम बुडण्याची. तिन्ही ठिकाणी एकच भाषण देऊन उपयोग नाही. आलेली उत्तरं वहीत त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा, नावं लिहू नका. ही वही पुढे लागणार आहे.

चौथी पायरी: कोण बोलणार ते ठरवा

डॉक्टर बोलले तर लोक आदराने ऐकतात. टीबीतून बरा झालेला माणूस बोलला तर लोक प्रश्न विचारतात. मला दुसरं जास्त मोलाचं वाटतं. "मला सहाव्या आठवड्यात गोळ्या सोडाव्याशा वाटल्या होत्या" हे वाक्य जगलेल्या माणसानेच म्हणावं.

पण त्या माणसाची परवानगी नीट घ्या: काय सांगायचं, काय नाही, फोटो काढायचा की नाही, ऐन वेळी नको वाटलं तर माघार घ्यायची मोकळीक. त्याच्या घरच्यांनाही विचारा, कारण बोलणं त्याचं असलं तरी परिणाम त्या घरावर होतो. उपचार सुरू असलेल्या माणसाला सगळ्यांसमोर उभं करू नका. आणि सभेत कुणी खोकलं तर त्याच्याकडे बोट दाखवून "बघा, यांनी तपासायला हवं" असं कदापि म्हणू नका.

पाचवी पायरी: सभा

वीस-पंचवीसपेक्षा जास्त माणसं नकोत, वेळ पाऊण तास ते एक तास. बायकांची वेगळी बैठक घेता आली तर जरूर घ्या; सासरी दुखणं लपवण्याबद्दल त्या पुरुषांसमोर बोलत नाहीत. जागा खिडक्या-दारं उघडता येतील अशी किंवा सरळ उघड्यावरची.

सुरुवात आकड्यांनी करू नका. २०२३ मध्ये जगात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना टीबी झाला आणि साडेबारा लाख लोक त्याने गेले, हे तुम्हाला माहीत असायला हवं. पण समोर बसलेल्या माणसाला त्यात आपला खोकला दिसत नाही. सुरुवात वहीतल्या एखाद्या वाक्याने करा: "इथे एकाने मला सांगितलं की टीबी उष्ट्या भांड्यातून होतो. तुम्हाला काय वाटतं?" लोकांना आपापसांत बोलू द्या, पाच मिनिटं गप्प बसा. गप्प बसणं हेच सगळ्यात अवघड काम आहे.

मग हवेचा प्रयोग दाखवा. खोलीची दारं-खिडक्या बंद करून एका कोपऱ्यात सुगंधी फवारा मारा आणि वास आला की हात वर करायला सांगा. हळूहळू पार मागच्या रांगेपर्यंत हात वर जातात. आता सगळी दारं उघडा आणि वास विरायला किती वेळ लागतो ते पाहा. "ज्याने फवारा मारला त्याच्या ताटात तुम्ही जेवलात का? मग वास तुमच्यापर्यंत पोहोचला कसा?" एवढा एकच प्रश्न विचारा. भांडी वेगळी ठेवण्याचा फोलपणा आणि खिडकी उघडण्याचं महत्त्व या दोन्ही गोष्टी तासाभराच्या भाषणापेक्षा या पाच मिनिटांत जास्त पटतात. सभेत कुणाला दमा असेल तर मात्र फवारा वापरू नका, आधी विचारून घ्या.

गैरसमज खोडून काढताना एक पथ्य पाळा: खोटं वाक्य फळ्यावर लिहू नका, घोकू नका. "टीबी भांड्यातून पसरतो, हे खोटं आहे" असं दहा वेळा म्हटलं की महिन्याभराने लोकांना "टीबी" आणि "भांडी" एवढंच आठवतं. खरं वाक्य आधी, पुन्हा पुन्हा: "टीबी हवेतून पसरतो. जेवा एकत्र, खिडकी उघडी ठेवा."

लक्षणं सांगताना दोन आठवड्यांहून जास्त चाललेला खोकला हे पहिलं. त्याच्या जोडीने संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, वजन आणि भूक कमी होणं, छातीत दुखणं, बेडक्यात रक्त. एचआयव्ही असलेल्या माणसाने खोकला कितीही दिवसांचा असला तरी दाखवावं, दोन आठवडे वाट पाहू नये. लहान मुलात खोकल्यापेक्षा वजन न वाढणं, खेळणं कमी होणं, रेंगाळणारा ताप यांकडे लक्ष द्यायला सांगा. सर्वेक्षणांत बेडक्यात जंतू सापडलेल्या जवळपास निम्म्या लोकांनी खोकला किंवा इतर लक्षणं नसल्याचं सांगितलं आहे, त्यामुळे टीबी झालेल्या माणसाच्या घरातल्यांनी काही होत नसलं तरी तपासून घ्यावं.

भिंतीवर लावायच्या चित्रांबद्दल माझं मत ठाम आहे. हाडांचा सापळा झालेला, रक्त ओकणारा माणूस दाखवणारी चित्रं वापरू नका. तीन आठवडे खोकणारा धडधाकट माणूस ते चित्र पाहतो आणि म्हणतो, "मी कुठे असा दिसतो? म्हणजे मला टीबी नाही." चित्रामुळे त्याचे आणखी दोन महिने जातात. चित्रात साधा, कामावर जाणारा माणूस असू द्या, आणि त्याखाली तपासणीची जागा, दिवस आणि वेळ.

सहावी पायरी: बेडका कसा द्यायचा ते करून दाखवा

यावर मी मुद्दाम जास्त वेळ घेते. तपासणीपर्यंत पोहोचलेला माणूस चुकीच्या नमुन्यामुळे हातचा जातो, यासारखं वाईट काही नाही.

पहिली अडचण शब्दाची. "थुंकी तपासणी" म्हटलं की लोक तोंडातली लाळ डबीत टाकून देतात. लाळेत जंतू सापडत नाहीत, निकाल "काही नाही" असा येतो आणि माणूस निर्धास्त होऊन घरी जातो. म्हणून "बेडका" म्हणा: छातीतून येणारा, दाट, चिकट.

सकाळी उठल्यावरचा बेडका सगळ्यात चांगला, कारण रात्रभर तो छातीत साठलेला असतो. काही खायच्या आधी साध्या पाण्याने चूळ भरायची. मग मोकळ्या जागेत, माणसांपासून दूर जाऊन उभं राहायचं. बंद खोलीत किंवा संडासात बेडका काढायचा नाही, तिथे जंतू हवेत साठतात. दोनदा खोल श्वास घेऊन क्षणभर रोखायचा आणि सोडायचा. तिसऱ्यांदा पोटातून जोर लावून खोकायचं. आलेला बेडका थेट डबीत. चहाच्या चमच्याभर, म्हणजे ३ ते ५ मिलिलिटर पुरे. नाही आला तर थोडं थांबून पुन्हा. झाकण घट्ट लावायचं, डबीच्या आतल्या बाजूला हात लावायचा नाही, बाहेरून सांडलं असेल तर पुसायचं आणि हात धुवायचे. डबी उन्हात न ठेवता त्याच दिवशी पोहोचवायची. जनुकीय चाचणीसाठी बहुतेक वेळा एक चांगला नमुना पुरतो, सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीसाठी दोन मागतात. तिथे सांगतील तसं करावं.

हे सगळं रिकामी डबी हातात घेऊन, श्वास घेऊन, न खोकता करून दाखवा. नंतर एखाद्याला पुढे बोलावून परत सांगायला लावा. लहान मुलांना बेडका काढता येत नाही, त्यांचा नमुना दवाखान्यात वेगळ्या पद्धतीने घेतात. आईबापांना हे आधीच सांगितलं की ते "याला येतच नाही" म्हणून परत फिरत नाहीत.

सातवी पायरी: सहा महिन्यांविषयी खरं बोला

औषधाविना फुप्फुसाच्या टीबीत साधारण निम्मे रुग्ण दगावतात. नेहमीच्या, औषधाला दाद देणाऱ्या टीबीत पूर्ण उपचार घेतलेल्यांपैकी बहुतांश बरे होतात. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने त्यांतली दोन किंवा तीन, असा सर्वसाधारण क्रम असतो.

धोक्याची जागा दुसऱ्या महिन्यात आहे. ताप गेलेला असतो, भूक लागते, वजन वाढतं, खोकला थांबतो. "बरा झालो" असं वाटतं आणि गोळी सुटते. म्हणून आधीच सांगा: "तुम्हाला महिन्याभरात बरं वाटेल. त्या दिवशी माझी आठवण काढा." कारणही समजावा. टीबीचा जंतू फार संथ आहे. इतर अनेक जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात, याला त्यासाठी साधारण पाऊण दिवस लागतो. काही जंतू जवळजवळ झोपलेले असतात. औषध प्रामुख्याने जाग्या जंतूंना मारतं, झोपलेले जागे होईपर्यंत ते चालूच ठेवावं लागतं. मध्येच सोडलं तर उरलेल्यांत औषधाला दाद न देणारे वाढू शकतात आणि उपचार लांबतो, अवघड होतो. तरी औषध बुडालेल्या माणसाला इथे धमकावू नका. बुडलं असेल तर आजच परत जा, रागावणार नाही, एवढं सांगा.

त्रासाविषयी लपवाछपवी केली की विश्वास जातो. रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होते; घाबरायचं कारण नाही, पण कुणी आधी सांगितलं नसेल तर माणूस रक्त समजून गोळ्या बंद करतो. मळमळ, सांधेदुखी, पायांत मुंग्या येऊ शकतात; कळवावं, उपाय असतात. डोळे किंवा त्वचा पिवळी पडली, उलट्या थांबेनात, नजर धूसर झाली किंवा रंग ओळखता येईनात, तर पुढची गोळी घेण्याआधी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, हे बायकांच्या बैठकीत न विसरता सांगा.

योग्य औषध सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत बहुतेक माणसांपासून लागण होण्याचा धोका फार कमी होतो. तोवर मास्क, उघडी खिडकी, शक्य असेल तर वेगळं झोपणं. त्यापुढे घराबाहेर ठेवण्याची गरज नाही. याचा भक्कम पुरावा जुना आहे. एके काळी टीबी झाला की सॅनेटोरियममध्ये, म्हणजे टीबीच्या रुग्णांना महिनोन्महिने ठेवायच्या वेगळ्या दवाखान्यात, धाडत. १९५९ साली मद्रासच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: घरी राहून औषध घेणारे आणि सॅनेटोरियममध्ये ठेवलेले, दोन्ही गटांची तुलना केली तर घरी राहिलेल्यांच्या कुटुंबीयांना जास्त धोका झाल्याचं दिसलं नाही. दोन्ही गटांतल्या रुग्णांच्या प्रकृतीतही फारसा फरक नव्हता. "त्याला गावाकडे पाठवून द्या" म्हणणाऱ्या घराला मी हे सविस्तर सांगते.

घरातल्यांसाठी

कुणाला टीबी निघाला की घरातल्या प्रत्येकाची तपासणी व्हावी. ज्यांना रोग नाही त्यांना तो होऊ नये म्हणून प्रतिबंधक औषध देता येतं. पाच वर्षांखालची मुलं आणि एचआयव्ही असलेले यांत सगळ्यात पुढे. "धडधाकट मुलाला गोळ्या कशाला?" हा प्रश्न हमखास येतो. तेव्हा बियाचा दाखला पुन्हा उपयोगी पडतो: उगवण्याआधीच उपटायचं. बीसीजीची लस १९२१ पासून दिली जाते. ती बालकांना मेंदूच्या टीबीपासून आणि अंगभर पसरणाऱ्या टीबीपासून चांगलं वाचवते, पण मोठेपणीच्या फुप्फुसाच्या टीबीची हमी देत नाही. "लहानपणी लस घेतली आहे" हे खोकला अंगावर काढण्याचं कारण होऊ शकत नाही.

पोटभर आणि सकस खाणं हाही उपचाराचा भाग समजा. झारखंडमधल्या एका अभ्यासात रुग्णांच्या घरातल्यांना जादा अन्न आणि जीवनसत्त्वं दिल्यावर त्यांच्यातलं टीबीचं प्रमाण साधारण ४० टक्क्यांनी घटलं. २०२३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरातला शिधा कमी पडत असेल तर सल्ला देऊन थांबू नका, मदत कुठून मिळेल ते शोधून द्या.

आठवी पायरी: शब्द बदला

"संशयित" हा शब्द पोलीस ठाण्यातला आहे. त्याऐवजी "तपासणी करायची आहे अशी व्यक्ती" म्हणा. "औषध बुडवणारा" म्हटलं की सगळा दोष माणसावर येतो. "औषध खंडित झालं" म्हटलं की का झालं ते विचारता येतं. "टीबीवाला" ऐवजी नावाने हाक मारा. हे बदल कागदावर किरकोळ वाटतात. पण माझ्या अनुभवात, माणूस खोकला लपवतो तो रोगाच्या नावापेक्षा त्याच्यामागून येणाऱ्या या हाकांना जास्त भिऊन.

बायकांच्या बाबतीत भीती दुहेरी असते, लग्नाआधी न जमण्याची आणि लग्नानंतर टाकून देण्याची. तिथे नुसती माहिती पुरत नाही. नवऱ्याशी आणि सासूशी वेगळं बसून बोलावं लागतं, आणि उपचार पूर्ण झालेली बाई इतरांसारखीच संसार करू शकते, मूल होऊ देऊ शकते, हे डॉक्टरांच्या तोंडून त्यांना ऐकवावं लागतं. उपचार चालू असताना दिवस राहिले तर लगेच डॉक्टरांना सांगायचं. उपचार थांबवायचे नाहीत.

शेवटची पायरी: परत जा

सभा संपल्यावर अर्धा तास तिथेच रेंगाळा. खरे प्रश्न तेव्हा येतात, हळू आवाजात, "माझ्या एका ओळखीच्याला…" असे. ओळखीचा कोण ते विचारू नका. जागा, दिवस, वेळ सांगा. हवं तर "मी सोबत येते" म्हणा. रांगेत दिसायची भीती असलेल्याला गर्दी नसलेली वेळ सांगता यावी म्हणून तर आपण दुसऱ्या पायरीत तिथे जाऊन आलो.

महिन्याभराने तपासणीच्या ठिकाणी जाऊन या भागातून किती जण आले ते विचारा. फक्त संख्या, नावं नकोत. जे आले त्यांना सरासरी किती दिवसांचा खोकला होता हेही मिळालं तर फार चांगलं. पहिल्या सभेनंतर ती संख्या बहुधा निराश करील; दुसऱ्या-तिसऱ्या फेरीनंतर हलायला लागते. त्याच पंधरा-वीस लोकांशी पुन्हा बोला आणि वहीतले तेच प्रश्न विचारा. भांड्यांचं उत्तर बदललं असेल पण सुनेचं उत्तर तसंच असेल, तर पुढची बैठक सासवांची घ्या.